अकरा फूट मागे

फोंड्याहून घाटाकडे निघालात
तर मोल्याच्या अलीकडे एक वळण लागतं,
तिथे आम्ही राहतो.
हिरव्या बोर्डावर काहीतरी सरकारी नाव आहे,
आम्ही नाकं म्हणतो.

पाखल्यांच्या वेळी इथे आडवा बांबू होता,
एक खुर्ची, एक वही
आणि हिवतापाने पिवळा पडलेला एक शिपाई.
त्याच्या वहीत लिहिलंय:
बैल दोन, तुपाचे डबे चार, नवरी एक.
वहीत जे नाही
ते जानू वरकाच्या आज्याला ठाऊक होतं.
म्हशींच्या गळ्यातल्या घंटांत कापूस कोंबून
रात्री रानातून वर चढणारी घड्याळं.
घंटा गप्प बसायच्या,
टिकटिक कोण थांबवणार?

मग एका डिसेंबरात बांबू कुणीतरी चुलीत घातला.
रोझालीनच्या आईने त्या दिवशी सगळ्यांना फुकट चहा पाजला
आणि दुसऱ्या दिवसापासून
नव्या पैशांत हिशेब शिकायला बसली.

त्यानंतर खाणींचे ट्रक.
खनिज बंदराकडे जायचं, धूळ आमच्याकडे उतरायची.
कायतान पोदेराचे पाव तांबडे,
दोरीवरची लंगोटी तांबडी,
देवळातल्या नंदीच्या नाकपुड्याही.
कुंजुमोन पंक्चर काढता काढता म्हणायचा,
वाळवंट बघायला राजस्थानला कशाला जायचं?
इथे उंट दहा टनांचे आहेत,
आणि त्यांचे पाय माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

एका सकाळी ट्रक आले नाहीत.
आवाज नाही म्हणून आम्ही दचकून जागे झालो.
शाबा गावणेकराच्या बायकोने त्या आठवड्यात केस धुतले,
पाणी स्वच्छ निघालं,
ती न्हाणीतच रडत बसली.
दारात तीन ट्रक, बँकेचे हप्ते बत्तीस बाकी.
पुढे टायरांवर वेल चढले,
कोंबडी ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घालू लागली.
नातू हॉर्न वाजवायला जायचा.
बॅटरी मेली
तेव्हा तोंडाने वाजवू लागला.

ट्रक गेले तरी रस्ता वाढत राहिला.
रोझालीनचं हॉटेल आधी विहिरीपाशी होतं.
ती विहीर आता दुसऱ्या लेनखाली आहे,
तिथून जाताना गाडीचा आवाज जरा पोकळ होतो.
मग हॉटेल फणसाखाली आलं,
मग फणसही गेला.
दर वेळी अकरा फूट मागे.
कौलांवर खडूने आकडे घालून ती उतरवायची,
सांत आंतोनची तसबीर सगळ्यात शेवटी काढायची
आणि नव्या भिंतीवर सगळ्यात आधी लावायची.
भिंतीला अजून गिलावा नसायचा,
संत विटांवर तिरका.

परवा टेप घेऊन एक पोरगा आला.
भिंतीवर लाल रंगात सत्तेचाळीस लिहिलं.
अजून अकरा फूट, म्हणाला.
ती त्याला स्वयंपाकघरामागे घेऊन गेली.
चार फुटांवर वनखात्याचा दगड,
दगडापलीकडे अभयारण्य.
"फुडें रस्तो, फाटीं रान," ती म्हणाली,
"मागीर हांव खंय रावूं? उबी?"
पोरगा बराच वेळ दगडाकडे बघत राहिला.
त्याने टेप गुंडाळली, चहा प्यायला.
सुटे नव्हते. परतताना देतो म्हणाला.

नाक्यावर मी एकतीस वर्षं वही लिहिली.
आता तिथे कॅमेरा आहे,
तो नंबर वाचतो, आत कोण बसलंय ते विचारत नाही.
सवय जात नाही म्हणून
काल घरी बसून एक पान आखलं:
चूल एक. तसबीर एक.
कौलं दोनशे चौदा. बाई एक.
कुठून: नाकं.
कुठे: हा रकाना अजून कोरा आहे.

रोझालीनने चष्मा लावून पान वाचलं,
दोनदा वाचलं.
"कौलं चुकलीत," म्हणाली.
"दोनशे सोळा. दोन कुत्र्याच्या खोपीवर आहेत."